हळू न बोलणारे आबा

आमच्या घरमालकांना गुपित सांगायची सोय नव्हती. एक तर त्यांना ऐकू फार कमी यायचं. त्यात, आपल्याला येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे शेताच्या पल्याडच्या माणसाला हाक मारावी तसे ते समोर बसलेल्याशी बोलत. सकाळी नळाला पाणी आलं की "पानी उनं" ही त्यांची आरोळी आमच्या गल्लीतच काय, मागच्या सोसायटीतही पोचायची. तिथल्या बायकाही हंडे घेऊन धावायच्या, आणि त्यांच्या नळाला मात्र पाणी आलेलं नसायचं. त्या बायका चिडायच्या. आबांना त्याचा पत्ता नसायचा, कारण चिडलेलंही ऐकू यायचं नाही.

आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो. जळगावकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि उधन्याच्या कापडाच्या कारखान्यांत त्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. त्या खडखडाटानं कान गेले. पुढे त्यांनी नवागामला प्लॉट घेतला आणि ओळीनं खोल्या बांधल्या. म्हणायचे, "कान शेठला दिले, खोल्या घेतल्या." बोलणं अहिराणी, त्यात गुजराती मिसळलेली. मी लग्न होऊन अमळनेरजवळच्या खेड्यातून तिथं आले तेव्हा सुरतेचं सगळंच मला परकं वाटत होतं. आबांची आरोळी तेवढी माहेरची वाटली. आमच्या गावात माणसं अशीच बोलतात, मळ्यातून मळ्यात.

बायको वारलेली, एकुलती मुलगी कडोदऱ्याला दिलेली. ती न्यायला यायची, हे जायचे नाहीत. स्वतःपुरता भात शिजवायचे, आणि भाजीसाठी त्यांनी एक रीत पाडली होती. सदऱ्याच्या खिशात स्वतःचा चमचा असायचा. जेवणाच्या वेळी ते कुठल्या तरी एका भाडेकरूच्या दारात उभे राहत, एक चमचा भाजी घेत, उभ्यानंच खात आणि निकाल देत. "हिनी भाजी आज खारट शे." निकाल गल्लीभर जायचा. आबा आज कुणाच्या दारात येतील हे बायका एकमेकींना विचारत, आणि ज्या घरी येण्याची शक्यता तिथं हात जरा जपून चाले. मी पहिल्यांदा डुबुकवडे, आमटीत सोडलेले बेसनाचे वडे, केले तेव्हा ते दोन चमचे घेऊन गेले आणि काहीच बोलले नाहीत. शेजारीण म्हणाली, "बाई, तू जिंकलीस."

त्यांचे दोन नियम होते. पहिला, भाडेकरूला कागद द्यायचा नाही. पावती नाही, चिठ्ठी नाही, सही तर नाहीच. आमच्या भागातले सगळेच घरमालक तसे होते. शेतजमिनीवर उठलेल्या सोसायट्या त्या, मंजुरीचा पत्ता नाही. कुठं एक कागद गेला की त्याच्या मागोमाग महानगरपालिकेचा माणूस येणार ही भीती. कुणाच्या पोराला शाळेत घालायचं असलं की आबा स्वतः शाळेत जात आणि मास्तरांना तोंडी सांगत, हे पोरगं माझ्या खोलीत राहतं. लिहून द्या म्हटलं की ऐकूच येत नसल्यासारखं करत. त्यातलं खरं न ऐकू येणं किती आणि सोयीचं किती, हे मला कधी कळलं नाही.

दुसरा नियम कोटाचा. मुलीच्या लग्नात शिवलेला काळा लोकरी कोट त्यांच्याकडे होता. सुरतेच्या घामात तो घालून ते सरकारी कचेरीत जायचे. कोट, टोपी, कानात अत्तराचा बोळा. न ऐकणाऱ्या कानांचा तेवढाच उपयोग, असं हसून म्हणायचे. मी एकदा विचारलं, इतक्या उकाड्यात कशाला? तर म्हणाले, "सरकार म्हणजे आपली सासुरवाडी. मान देतील न देतील, जावयानं मानानंच जायचं."

प्लेगच्या वर्षी सगळी गल्ली गावाकडे पळाली. आम्हीही. आबा एकटे राहिले. जाताना प्रत्येकानं खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली. आम्ही परत आलो तेव्हा सगळ्या किल्ल्या करदोट्याला बांधलेल्या, आणि चालले की बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेसारखा आवाज. दार उघडलं तर माझ्या देव्हाऱ्यात दिवा लावलेला. प्रत्येक खोलीत ते रोज दिवा लावत होते. आम्हाला त्यांनी सांगितलं ते मात्र वेगळंच. तेव्हा सरकारची माणसं गल्लोगल्ली फिरून कॅप्सूल वाटत होती. ती गोष्ट त्यांच्या मनावर कोरली गेली होती. "घरी येऊन देतात. पैसा नही. म्हणजे सरकारकडे गोळ्या शेत. मागनारा पाहिजे." हे वाक्य त्यांनी पुढं किती तरी महिने ज्याला त्याला ऐकवलं. आम्ही हसायचो.

माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, फिट यायची. लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर त्यांनीच सांगितलं, एका दुपारी, भिंतीकडे तोंड करून. लहानपणापासूनची. उधन्याच्या एका खासगी डॉक्टरांची गोळी चालू होती आणि ती रोज घेतली की काही होत नसे. कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर लूमवर कुणी उभं केलं नसतं. आम्ही दोघांनी ते गुपित डोळ्यांत तेल घालून जपलं. गोळीची पाकिटंसुद्धा मी गल्लीतल्या उकिरड्यावर टाकत नसे, बाजाराला जाताना लांब टाकायची.

प्लेगनंतर धंद्यात मंदी आली. लूमची शेड आठवड्यातून काही दिवस बंद असायची. मुलगी तान्ही होती, तिच्या दुधाचा खर्च. एक दिवस मी त्यांच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं तर आत अर्धी गोळी. मी पाकीट होतं तसं परत खिशात ठेवलं. आणि मग एका सकाळी रातपाळीवरून आले, बशीत चहा ओतला आणि बशीसकट पडले.

भांड्यांचा आवाज आबांना ऐकू आला असेल असं मला वाटत नाही. पण जमिनीचा हादरा त्यांना पायांतून कळायचा, ही लूमवाल्यांची सवय. ते दारात आले. मी चप्पल शोधत होते, हुंगवायला. आबांनी मला हातानं बाजूला केलं, यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली टोपी ठेवली आणि शेजारी बसून राहिले. तोंडात काही घालू दिलं नाही. शरीर सैल पडलं तेव्हा म्हणाले, "मन्हासंगे एक होता. मशीनवर पडना."

मी हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं. त्यांना समजलं. त्यांनी मान हलवली आणि मला धीर द्यायला म्हणाले, "कोनलेच सांगत नही मी."

ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. थोड्याच वेळात चार बायका दारात. आबा काय सांगणार नाहीत, ते त्यांना ऐकायचं होतं. मी म्हटलं, उपास होता, चक्कर आली.

त्या दिवशी मी आबांना खुणांनी सगळं सांगितलं. गोळी, गोळीचे दोन तुकडे, रिकामा खिसा. त्यांना अर्ध्या गोळीचा इतका राग आला की मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. "अर्धी? अर्धी कोनी सांगितली? अर्धा शर्ट घालतो का तो?" मग जरा थांबले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे कुजबुजले, "सरकारकडे गोळ्या शेत."

मुलीला घेऊन आम्ही तिघं मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. कोट होताच. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नीट तपासलं आणि यांना दटावलं, गोळी कायमची आहे, एक दिवस चुकवायची नाही. ती गोळी औषधाच्या खिडकीवर सगळ्यांना फुकट मिळत नव्हती. खिडकीवरच्या माणसानं समाजसेविकेच्या टेबलाकडे पाठवलं. ती बाई माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं मुलीच्या गालाला हात लावला आणि मला सांगितलं, "आवकनो दाखलो लई आवो, बेन. पछी दर महिने दवा मफत मळशे." उत्पन्नाचा दाखला आणला की दर महिन्याला फुकट. एवढंच. मी घरी येताना हवेत चालत होते.

पण दाखला कुठून आणायचा? आमचं रेशनकार्ड गावचं. सासऱ्यांनी गावच्या तलाठ्याला विचारलं तर तो म्हणाला, ते इथं राहत नाहीत, सुरतेत मागा. सुरतेच्या कचेरीत मी एकटी जाऊन आले, तर तिथले म्हणाले, कार्ड महाराष्ट्राचं आहे, तिकडून आणा. आम्ही कुठल्याच गावचे नव्हतो. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा एक माणूस बसायचा. त्याला माझी दया आली. म्हणाला, "अशी येऊ नका. फाटकी साडी नेसा, पोरीला कडेवर घ्या, केस विंचरू नका. मग बघतात."

दुसऱ्या खेपेला मी तशी निघाले. घरात पुसायला काढलेली साडी नेसले. आबा ओट्यावर कोट घालून तयार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन मेलं?"

मी खुणांनी सांगितलं, झाडाखालचा माणूस असं म्हणाला. ते उठले, माझ्या खोलीत शिरले आणि ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाले, "लग्नातलं काढ." मी नको म्हटलं. ते ट्रंकेवर जाऊन बसले आणि बसूनच राहिले. शेवटी मी शालू नेसले. केस विंचरले. मुलीला काजळ लावलं. नवागामहून शेअर रिक्षात आबा, मी आणि मुलगी बसलो, तर रिक्षावाल्यानं विचारलं, लग्न कुणाकडे आहे?

कचेरीत तलाठ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवी साडी पहेरीने गरीबीनो दाखलो?" माझी मान खाली गेली. आबांना ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी चेहरा वाचला. ते टेबलाशी वाकून बोलले. त्यांच्यासाठी ते बोलणं साधंच होतं. हॉलमधल्या सगळ्या टेबलांवरचं काम मात्र थांबलं.

"साहेब, पोरीकडे एकच चांगली साडी शे. ती तुमच्यासाठी नेसून आली. गरीब शे. आल्यागेल्याचा मान ठेवायचं तिला समजतं."

तलाठ्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितलं, माझ्यासाठी. कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि आता जरा मऊ आवाजात विचारलं, "रहेवानुं क्यां?" मी आबांच्या कानाशी ओरडले, कुठं राहतो विचारतात. आबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मन्हा खोलीत. नवागामला. हिचं लग्न झालं तेव्हापासून."

"तो लखी आपो," तलाठी म्हणाले आणि एक कोरा कागद पुढं सरकवला. लिहून द्या.

आता ऐकू येत नसल्यासारखं करणार, मला वाटलं. गल्लीतल्या किती जणांना त्यांनी असं परत पाठवलेलं मी पाहिलं होतं. आबांनी कागदाकडे पाहिलं. मुलगी माझ्या मांडीवर होती, तिनं त्या कागदाचं टोक तोंडात घालायचा प्रयत्न केला. आबांनी तो तिच्या हातातून हळूच सोडवून घेतला, पुसला आणि विचारलं, "सही कुठं?" मजकूर तलाठ्यांनीच लिहिला. आबांनी जीभ दातांत धरून सही केली. ती करायला त्यांना जितका वेळ लागला तितक्यात त्यांनी लूमवर उभ्या धाग्यांचा एक ताणा भरला असता. मग पंच, मग पंचनामा, मग आणखी फेऱ्या, पण दाखला मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात महानगरपालिकेचा माणूस टेप घेऊन खोल्या मोजायला आला. तो त्या कागदावरून आला की आपसूक, कोण जाणे. आबांनी टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं आणि "सरळ धर, वाकडं मोजू नको" असं त्याला बजावत सगळी चाळ मोजून घेतली. त्या दिवशी माझ्या दारात चमचा घेऊन आले. भाजी खाल्ली. म्हणाले, "तुन्ही भाजी महाग पडनी मले." आणि आणखी एक चमचा घेतला.

हे सगळं गोड झालं असं नाही. दाखला मिळाल्यावर पहिल्यांदा फुकट गोळी घ्यायला खिडकीशी उभे राहिलो तेव्हा आबा सोबत होते. खिडकीतल्या माणसानं कशी घ्यायची ते सांगितलं. आबांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. आबांनी कान पुढं केला. तो माणूस वैतागून ओरडला, "फिटनी गोळी छे, काका, फिटनी. सवार-सांज." मागं रांगेत यांच्या शेडमधला एक जण उभा होता. त्यानं यांच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यानं वाईट हेतूनं सांगितलं असेल असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या पाळीला मास्तरनं, म्हणजे शेडच्या मुकादमानं, यांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, तू मशीनवर पडलास तर मी काय करू?

हे घरी येऊन बसले. आबांशी बोलेनात. आबा समोर आले की आत जायचे. "त्यांच्या कानांपायी माझं काम गेलं," एवढंच मला म्हणाले. गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, फक्त ज्यांच्यामुळं कळलं त्यांना माहीत नव्हतं. ते रोज ओट्यावरून विचारायचे, "हा कामाला जात नही का? काय व्हयनं?" आणि कुणी उत्तर द्यायचं नाही. शेवटी मीच सांगितलं. खिडकीची खूण केली, कानाची, मग यांच्याकडे बोट, मग बंद दार.

आबा खाटेवर बसून राहिले. त्या दिवशी कुणाच्याच दारात चमचा घेऊन गेले नाहीत.

सकाळी पाहिलं तर जुनी अर्धी चड्डी आणि बंडी घालून उभे. लूमवरचे कपडे. यांच्या दारात येऊन म्हणाले, "चाल." हे हलेनात. मी म्हटलं, माझ्यासाठी चला. आम्ही तिघं उधन्याला पायी गेलो.

मी शेडच्या आत पहिल्यांदाच जात होते. दारातच आवाज अंगावर आला. कानांना नव्हे, छातीला ऐकू यावा तसा. माझा शब्द मलाच ऐकू येईना. मास्तर लांब, लूमच्या ओळींच्या पल्याड उभा होता. मला वाटलं, आता आबा ओरडतील आणि पहिल्यांदाच त्यांचं ओरडणं कमी पडेल. पण आबांनी तोंड उघडलंच नाही. त्यांनी हात वर केला आणि बोटांनी बोलायला लागले.

जुने कारागीर त्या खडखडाटात असंच बोलत, हे मला नंतर कळलं. मास्तरनं ओळखलं आणि तिथूनच बोटांनी उत्तर दिलं. आबांनी कपाळाला तळवा लावला, हात आडवा खाली नेला. मग जिभेवर गोळी ठेवल्याची खूण, मग ताठ उभा राहिलेला माणूस. मास्तरनं मान हलवली, नाही. आबांनी शेडच्या टोकाला बोट दाखवलं. तिथं मशीन नव्हतं, एका लांब टेबलावर माणसं कापडाच्या घड्या घालत होती. मास्तरनं पुन्हा मान हलवली. तेव्हा आबांनी उजवा हात बंडीत ओढून घेतला, कोपरापर्यंत, आणि तसेच उभे राहिले. एका हाताचा माणूस. ते कुणाबद्दल होतं हे मास्तरला समजलं असावं. त्यानं नजर खाली घातली. मग त्यानं यांना बोट वाकवून आत बोलावलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय बोलणं झालं? आबा रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही नही. घडीवर लावलं."

घडीवर पगार लूमपेक्षा कमी, पण काम रोजचं, आणि दिवसपाळी. दवाखान्यातली ती समाजसेविका दर महिन्याला कार्डावर शिक्का मारून द्यायची. यांना पुन्हा फिट आली नाही.

घडीवर लागले त्या पहिल्याच संध्याकाळी हे कामावरून आले, हातपाय धुतले आणि माझ्याशी न बोलता आबांच्या खाटेवर जाऊन बसले. मी आतून बघत होते. यांनी उजवा हात बाहीत ओढून दाखवला आणि प्रश्नासारखी मान हलवली. आबांनी हातांनी उत्तर दिलं. ते खूप लांबलं. दोघं अंधार पडेपर्यंत बसले होते आणि ओट्यावरून एक शब्द आला नाही. जेवताना हे म्हणाले, "त्यांचा सख्खा भाऊ होता तो." मी ताटात वाढायची थांबले. इतकी वर्षं गल्लीला ज्यांचं सगळं ऐकू यायचं, त्यांची ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती.

त्यानंतर दोघांची संध्याकाळची बैठक ठरून गेली. पोरं जमायची, हसायची, नक्कल करायची. दोघांना फरक पडायचा नाही.

शेवटी आबांचे कान पूर्ण गेले, पायही सुजायला लागले, आणि कडोदऱ्याची मुलगी रिक्षा घेऊनच आली. ते जायला तयार झाले. तिनं गाठोडं ठेवलं, त्यांना बसवलं, त्यांच्या कानाशी मोठमोठ्यानं विचारलं, काही राहिलं का? त्यांना समजेना. ते यांच्याकडे बघत होते. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी बाहेर हात काढून बोटं हलवली.

रिक्षातून त्यांच्या मुलीनं विचारलं, "काय म्हणतात?"

यांनी आधी आबांना उत्तर दिलं, जिभेवर बोट ठेवून मान डोलावली, दोनदा. मग म्हणाले, "आजची गोळी घेतली का, विचारताहेत."